नेटवर्क नाही, बाकी मजेत

ऑफर लेटर हातात पडलं की आपण आधी काय वाचतो? सीटीसी. मग लोकेशन. हिंजवडी, बीकेसी, फार तर नागपूरचं मिहान, इथवर ठीक असतं. पण तिथे 'साइट, जिल्हा गोंदिया' असं लिहिलेलं असलं की माणूस गुगल मॅप उघडून झूम करत बसतो. हिरवा रंग, आणखी हिरवा रंग, मध्येच तलावाचा निळा ठिपका. आई विचारते, "तिथे जेवणाचं काय?" मित्र विचारतात, "वाघ दिसतात का रे?" एचआर तर काहीच विचारत नाही, फक्त 'साइट अलाउन्स' नावाची एक ओळ वाढवतो. त्या ओळीत नेमकं कशाचे पैसे मिळतात, हे तिथे राहायला गेल्याशिवाय कळत नाही.

आमच्या मावसभावाला ते कळलं. (नाव छापलं तर मावशीचा फोन येईल, म्हणून तो इथे फक्त मावसभाऊ.) सिव्हिल इंजिनीअर, वय सव्वीस, जन्म-शिक्षण-कट्टा सगळं पुण्यात. पोस्टिंग मिळालं देवरी तालुक्यात, रस्त्याच्या कामावर. देवरी म्हणजे नागपूर-रायपूर हायवेवरचं महाराष्ट्राच्या टोकाचं गाव, थोडं पुढे गेलं की छत्तीसगड. आठवड्यातून एकदा फोन लागला की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "नेटवर्क नाही, बाकी मजेत." ही 'बाकी मजा' बघायला मागच्या हिवाळ्यात मी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले. कोल्हापूरहून निघून पुणे, मनमाड, भुसावळ, वर्धा, नागपूर करत ही गाडी गोंदियाला पोचते. राज्य न सोडता इतका प्रवास! तेवढ्या वेळात माणूस दुबईला जाऊन शॉपिंग करून परत येईल.

कॅम्प म्हणजे काय, हे शहरातल्या आपल्याला साधारण माहीत नसतं. एका बाजूला बॅचिंग प्लान्ट, डंपरची रांग आणि धूळ. मध्ये ऑफिस आणि स्टाफच्या पोर्टा केबिन. प्रत्येक केबिनमध्ये दोघं, एसी आहे, जनरेटर चालू असेपर्यंत. मग मेस. आणि कुंपणाच्या पलीकडे लेबर कॉलनी. कॉलनी हा शब्द ऐकून बाग वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. टिनाच्या शेडची ओळ, दोऱ्यांवर वाळणारे कपडे आणि सळई बांधणारे, शटरिंगवाले, हेल्पर अशी झारखंड, बिहार, बालाघाटकडची माणसं. गोंदियाला हे नवं नाही. तिरोड्याला प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच असलेलं ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र २०१२ ते २०१४ मध्ये टप्प्याटप्प्यानं सुरू झालं. जिल्ह्याच्या भातशेतीत बाहेरची माणसं कामापुरती येणं आणि काम संपलं की जाणं तेव्हापासून तर सगळ्यांच्या सवयीचं आहे.

आता तब्येत. जंगलातल्या साइटची भीती म्हटली की वाघ आठवतो. बॉस, वाघाचं सोडा, त्याला तुमच्यात काडीचा इंटरेस्ट नाही. खरे धोके आकारानं फार छोटे आहेत. पहिला अर्थात डास. महाराष्ट्रात मलेरिया म्हटलं की आधी गडचिरोली आठवते, पण गोंदियाचा जंगलपट्टाही त्याच पंगतीत बसतो. इथे मलेरियाचे दोन प्रकार लक्षात ठेवायचे. फाल्सिपेरम डोक्यात जाऊ शकतो, म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशी रक्त तपासायचं, क्रोसिन घेऊन 'बघू उद्या' करायचं नाही. गावातल्या आशाताईंकडे तपासणीचं किट असतं, पंधरा-वीस मिनिटांत निकाल. दुसरा व्हायव्हॅक्स. याचे जंतू यकृतात लपून बसतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा उठतात, म्हणून त्याच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस घ्याव्या लागतात. चौथ्या दिवशी ताप गेला की पोरं गोळ्या बंद करतात आणि दिवाळीला घरी गेल्यावर पुन्हा कुडकुडतात.

दुसरा धोका मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावला तर बऱ्याचदा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि बरोबरचे म्हणतात, "रात्री जास्त झाली वाटतं." अशा वेळी मांत्रिक नाही, ब्लेड नाही, घट्ट बांधाबांध नाही. १०८ ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय, सापाचं औषध तिथे असतं. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डास आणि मण्यार दोघांनाही बाहेर ठेवते. या पट्ट्यातला यापेक्षा स्वस्त हेल्थ इन्शुरन्स मला तरी माहीत नाही. मावसभावाच्या केबिनमध्ये मच्छरदाणी होती. पॅकिंगमध्ये.

तिसरी गोष्ट शहरातल्या डॉक्टरांसाठी जास्त महत्त्वाची आहे. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसनं डोकं वर काढलं होतं. झुडपांत, उंच गवतात राहणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. ताप यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणजे तेवढ्यात तुम्ही सुट्टीवर घरी पोचलेले असता! कोथरूडमधल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर व्हायरल म्हणतात, मग डेंगी तपासतात, आणि काखेत किंवा कमरेपाशी असलेला छोटा काळा खपला कुणी बघत नाही. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या गोळीनं हा आजार बरा होतो, उशीर झाला तर आयसीयू. तेव्हा साइटवरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य हेच, "मी गोंदियाच्या जंगलातल्या साइटवरून आलोय."

उन्हाबद्दल वेगळं काय सांगू? मे महिन्यात इथला पारा ४५ च्या आसपास जातो. पण एक हिशोब मला नव्यानं कळला आणि तो फार कामाचा आहे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा नियम असा की उन्हात नव्यानं काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी फक्त २० टक्के काम द्यायचं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यायचं. जुना माणूस सुट्टीवरून परत आला तरी पहिल्या दिवशी ५० टक्केच, कारण थंड घरात आठवडाभर राहिलं की शरीर ऊन विसरतं. आपल्याकडे उलट! सुट्टीवरून आला म्हणजे फ्रेश आहे, घ्या डबल शिफ्ट.

आणि मग खर्रा. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटून घोटून केलेलं मिश्रण. गुटख्यावर राज्यानं २०१२ मध्ये बंदी आणली, खर्रा मात्र पूर्व विदर्भात चहाइतका सहज चालतो. तो दिला जातो, घेतला जातो, त्यानं ओळखी होतात. साइटवर आलेल्या नव्या पोराला आधी मेसचा भात मिळतो आणि मग खर्रा. नाइट शिफ्टला झोप येऊ नये म्हणून एक, कंटाळा आला म्हणून एक, मुकादमानं पुढे केला म्हणून एक. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडणं कमी होतं, तिखट लागायला लागतं आणि पुढचा रस्ता कॅन्सरकडे जातो. घरच्या घरी टेस्ट? आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा. जात नसतील तर डेंटिस्टकडे जा, आजच. मावसभावाची गेली. "आठच महिने झाले गं, ताई," तो म्हणाला. आठ महिने!

मी परत आल्यावर कलीगना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना साप आणि खर्रा लक्षात राहिले. मला राहिलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही केबिनबाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. साडेसहालाच मिट्ट काळोख. देवरी-सालेकसा हा पट्टा अनेक वर्षं नक्षलवादाच्या सावलीत राहिलेला, त्यामुळे अंधार पडल्यावर कॅम्पबाहेर जायचं नाही असा जुना नियम. टीव्ही मेसमध्ये, रिमोट प्लान्ट मॅनेजरकडे. मावसभाऊ म्हणाला, "ताई, दिवस कसाही जातो गं. सात ते दहा जात नाहीत."

पुण्यात आपले सात ते दहा कसे जातात बघा. ट्रॅफिकला शिव्या, भाजी, जिम (महिन्यातून चारदा), कुणाचा तरी बर्थडे, आईशी भांडण. यातलं काहीही वेलनेस म्हणून आपण मोजत नाही. साइटवर हे सगळं काढून घेतलेलं असतं आणि उरतात ते तीन तास, ज्यात माणूस खातो, पितो किंवा आडवा पडून छताकडे बघतो. मावसभावाचं वजन आठ किलोनं वाढलं होतं. मेसमध्ये भात, डाळ, बटाटा, पुन्हा भात. पण भूक म्हणून तो खात नव्हता, ताट ही त्या वेळातली एकमेव घटना होती. झोपेचेही वांधे. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओततात, म्हणजे एक आठवडा दिवसा झोप, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००७ मध्येच 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलं, तेव्हा 'दोन दिवसांत सवय होते' वगैरे थिअऱ्या साइट मॅनेजरनी आपल्यापाशीच ठेवाव्यात.

तरीही मी म्हणेन की सात ते दहा सहन होतात, जर एक गोष्ट माहीत असेल तर. घरी कधी जायचं? मावसभावाला माहीत नव्हतं. कागदावर तीन महिन्यांनी दहा दिवस. प्रत्यक्षात 'स्लॅब झाला की जा', 'पाऊस लागला की जा', 'तो परत आला की तू जा'. दोनदा तिकीट काढून रद्द केलं होतं त्यानं. दुसऱ्यांदा रद्द केलं तो आठवडा खर्रा दिवसाला चारवर गेला, हे त्यानंच मोजून सांगितलं. तोवर मी सुट्टीला सुट्टीच समजत होते, एचआरच्या खात्यातली बाब. देवरीत बसून मला ती औषधासारखी दिसायला लागली, जिचा डोस ठरलेल्या तारखेलाच मिळायला हवा.

हा काही माझाच फंडा नाही. मुंबईपासून दूर समुद्रात 'बॉम्बे हाय'च्या तेलविहिरींवर चौदा दिवस काम, चौदा दिवस घर ही पद्धत वर्षानुवर्षं रुळलेली आहे. तिथलं काम सोपं नाही, पण आत चढतानाच बाहेर पडायची तारीख माहीत असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणींवर विमानानं जाऊन-येऊन काम करणाऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा झाल्यावर तिथल्या संसदेच्या समितीनं चौकशी केली. अहवाल आला २०१५ मध्ये, आणि २०१९ मध्ये सरकारनं अशा कामगारांच्या मानसिक आरोग्यासाठी आचारसंहिता काढली. त्या चर्चेत वरचेवर येणारा शब्द जिम नव्हता, योगा नव्हता. रोस्टर होता. किती दिवस सलग काम, किती दिवस घर आणि हे आधी ठरलेलं आहे की नाही.

कुंपणाच्या पलीकडे तर तारीख हा शब्दच नव्हता. तिसऱ्या दिवशी मी लेबर कॉलनीत गेले. झारखंडच्या पलामूकडचा एक सळईवाला चुलीवर भात टाकत होता. घरी कधी जाणार विचारलं तर म्हणाला, "छठ में सोचे थे, नहीं हुआ. होली में देखेंगे." पगार? "ठेकेदार हिसाब काम के बाद करता है." म्हणजे मध्येच गेला तर मागचे पैसे अडकणार. मावसभावाचं तिकीट रद्द झालं की तो चिडतो, रेझ्युमे अपडेट करतो. या माणसाकडे तोही ऑप्शन नाही. त्याच्या शेडमध्ये मच्छरदाण्या दोन, माणसं नऊ. मागच्या पावसाळ्यात त्याला स्वतःला मलेरिया झाला होता. ताप उतरला त्या दिवशी कामावर, कारण काम नाही तर हजेरी नाही. गोळ्या? "आधी खाया."

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात हे सगळं लिहिलेलं होतं. फुकट तात्पुरतं घर, वेगळी स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर, संडास, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची नवी संहिता लागू झाली. कॅन्टीनसाठी आधी २५० कामगारांची अट होती, आता १०० ची आहे. ठरावीक वयाच्या किंवा गटाच्या कर्मचाऱ्यांची दर वर्षी मोफत तपासणी आणि परराज्यातल्या कामगाराला गावी जाऊन येण्याचं भाडं, अशीही तरतूद आहे. भाडं मिळालं तरी जायचं कधी, ते मात्र ठेकेदारच सांगणार. आणि तारीख माहीत नसण्याचं टोक गाठलं की काय होतं, ते याच हायवेनं २०२० च्या मे महिन्यात पाहिलंय. लॉकडाउनमध्ये याच नागपूर-रायपूर रस्त्यावरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन पायी छत्तीसगड-झारखंडकडे निघाली होती. उन्हाळा तोच, ४५ वाला.

फार सिरियस झालं का? बरं, थोडं चांगलंही सांगते. गोंदियात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात ती पार होळीपर्यंत. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. विनोद, गाणी, रडारड, सगळं एका तिकिटात. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी आपल्याला पृथ्वी थिएटरच्या पलीकडे काही असतं हे माहीत नसतं. मावसभावाच्या कॅम्पमधल्या स्टोअर कीपरनं (तो आमगावचा) मॅनेजरला पटवून एक गाडी काढली, स्टाफ आणि लेबर मिळून चौदा जण. मराठीचा म न कळणारी पलामूची मंडळी कॉमेडियनवर सगळ्यात मोठ्यानं हसत होती म्हणे. दोन दिवस मेसमध्ये त्या नाटकाशिवाय दुसरा विषय नव्हता. तसा हा स्टोअर कीपर आठ महिने तिथेच होता. मावसभावानं त्याच्याशी तोवर फक्त सिमेंटच्या गोणीबद्दल बोललेलं.

नवेगावबांध इथून फार लांब नाही. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी म्हणून राहिले आणि रानाबद्दल कितीतरी लिहून गेले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. एकटेपणाचं सोनं कसं करायचं याचं उदाहरण म्हणून साइट इंडक्शनच्या पीपीटीत त्यांचा फोटो टाकायचा मोह एचआरला होईल. कृपया टाकू नका. तिथले पक्षी आणि झाडं ओळखणं हे त्यांचं वेड होतं. डंपरच्या ट्रिपा मोजून थकलेल्या पोराकडून ती अपेक्षा नको. त्याला एक माणूस ओळखीचा झाला तरी पुष्कळ.

परत येताना मी मावसभावाला तीन गोष्टी करायला लावल्या. मच्छरदाणी पॅकिंगमधून काढली. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह केला, सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं आणि नुसता फोन लागला तरी पुरतो, डेटा लागत नाही. तिसरी गोष्ट त्याला अवघड गेली. मॅनेजरकडे जाऊन सगळ्या स्टाफच्या सुट्ट्यांच्या तारखा ऑफिसातल्या पांढऱ्या बोर्डावर लिहून मागायच्या. मॅनेजर म्हणाला, "लिहून काय होणार, बदलाव्या लागतात." मग मावसभाऊ म्हणाला, "सर, बदलल्या तर खोडून नवीन लिहू." तेवढं त्यानं मान्य केलं.

आता बोर्डावर अकरा नावं आहेत, पुढे तारखा. चार महिन्यांत दोन खोडल्या गेल्या, नऊ टिकल्या. मावसभावाची टिकली, तो गणपतीत दहा दिवस येऊन गेला. वजन तीन किलो कमी आणि खर्रा बंद असं तो सांगतो. पहिलं दिसतंय, दुसऱ्यासाठी मी त्याला तोंड उघडायला लावलं. लेबरच्या तारखांचं विचारलं तर म्हणाला, "मी काढला होता विषय. ते ठेकेदार बघतो म्हणाले. पुढच्या मीटिंगला परत काढतो." सळईवाला होळीला गेला की नाही, हे त्यालाही माहीत नाही, मधल्या काळात त्याची गँग दुसऱ्या साइटवर हलली.

मावशीला खर्र्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. हा अंक तिच्या हाती पडला नाही म्हणजे मिळवली.